केबिनला कोणी हार घालत नाही

आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत गाडी उशिरा आली की जुनी माणसं ड्रायव्हरला सोडून केबिनवाल्याला शिव्या देतात. "सिग्नलच देल्ला नसन त्यानं, राजेहो!" खटके जाऊन बटणं आली, बटणं जाऊन संगणक आले, शिव्यांचा पत्ता काही बदलला नाही.

१८६७ साली भुसावळहून निघालेले रूळ अकोल्यावरून नागपूरला पोचले. इंजिनांचं कौतुक तेव्हाही झालं, आजही होतं. म्हातारं झालेलं इंजिन चौथऱ्यावर चढतं, रंगतं, पुढे उभं राहून लोक फोटो काढतात. गाड्यांची टक्कर होऊ न देणारी सिग्नल केबिन मात्र भंगारात जाते.

वर काचेच्या खिडक्या, आत ओळीनं उभे दांडे: सिग्नलचे लाल, रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे. पांढरा दांडा बिनकामाचा. असा एक प्रत्येक कचेरीत असतोच. घामट हातानं लोखंड गंजू नये म्हणून केबिनमन फडक्यानं दांडा धरायचा. खरी करामत पायाखालच्या मजल्यावर. सांधा चुकीचा लागला असेल तर सिग्नलचा दांडा हलतच नाही. मोठ्या साहेबाचा फोन आला तरी नाही. सॅक्स्बी नावाच्या इंग्रजानं १८५६ साली सांधे आणि सिग्नल यांच्या अशा जोडणीचं पेटंट घेतलं. शिफारशीनं न सरकणारी वस्तू आपल्याकडे इतकी वर्षं टिकली, याचंच मला नवल वाटतं.

पण वऱ्हाडच्या उन्हापुढे इंग्रजी लोखंडाचंही चालेना. दूरच्या सिग्नलपर्यंत गेलेली तार मे महिन्यात तापून लांबायची. दांडा पुरता ओढला तरी सिग्नलचा हात धड आडवा नाही, धड खाली नाही. असा अर्धवट हात दिसला की ड्रायव्हरनं तो 'थांब' असाच वाचायचा. म्हणून केबिनमन दुपारी तार ताणून घ्यायचा आणि गारवा पडला की पुन्हा सैल करायचा.

शेजारच्या मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणाऱ्या शकुंतला नावाच्या गाडीचा थाट तर निराळाच. अरुंद रूळ, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, आणि गाडीवरचीच माणसं उतरून फाटक लावणार, तिकिटंही फाडणार. तिच्या सिग्नलांवर 'लिव्हरपूल, १८९५' अशी छाप असल्याचं वर्तमानपत्रांनी कौतुकानं छापलं. आता गाडी बंद आहे आणि लोक ब्रॉडगेज मागताहेत. मागावंच, छाप पाहून कोणी यवतमाळला पोचत नाही.

इंग्लंडमध्ये २०१३ साली २६ सिग्नल केबिनींना एकदमच संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. आपल्याला २६ नकोत. मूर्तिजापूरला एक खोली पुरे. दांडे, तारा, कप्प्या आणि सिग्नलचा एक खराखुरा हात. पोरांना ओढून पाहता येईल असा चालता. फक्त रंगवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा: दांड्यांना सोनेरी रंग फासायचा नाही. लाल तो लाल आणि काळा तो काळाच राहू द्या.