तेलाविना तैलचित्र

सुरतेत लिंबायतच्या खानदेशी घरांतून हल्ली आजोबा थेट तैलरंगात अवतरतात. फोटोशॉपच्या सीएस६ आवृत्तीत २०१२ साली ‘ऑइल पेंट’ फिल्टर आले आणि रंग कालवायची कटकटच मिटली. ‘ब्रिसल डिटेल’ची पट्टी जरा उजवीकडे ओढली, की कधी हातात न घेतलेल्या कुंचल्याचे केससुद्धा उमटतात! त्या भानगडीत आजोबांच्या सुरकुत्या वितळतात, मिशी गालभर पसरते, ही गोष्ट वेगळी. वर कॅनव्हासवर छपाई, सोनेरी चौकट. पॉलिस्टरला रेशमाची झळाळी देणाऱ्या शहराला याचं काय नवल? राजा रविवर्मांनी निदान आधी चित्रं रंगवली, छापखाना मग १८९४ साली काढला. एकच विनंती: मूळ फोटो डिलीट करू नका. आजीला ओळख पटवायला लागेल.