कोपऱ्यावरच्या सूनबाईंचं ऑपरेशन

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. हळू बोला, त्यांची खिडकी उघडी आहे. कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं ना? सूनबाई वजनाचं ऑपरेशन करून घेतायत. कुणी सांगितलं म्हणजे? सासूबाईंनीच. काल फाटकाशी किती वेळ उभ्या होत्या. "कुणाला बोलू नका हं सिस्टर," असं दहादा म्हणाल्या. आता तुम्ही काय परक्या आहात का?

घरात नुसता गोंधळ चाललाय. ठाण्याच्या नणंदेनं स्लीव्ह करून घेतली होती, ती रोज फोन करून सांगते, "स्लीव्हच कर, काही त्रास नाही." नवरा म्हणतो इंजेक्शन घे, कापाकापी कशाला. सासूबाई कुठूनतरी फुग्याचं ऐकून आल्यात. आणि सर्जननं सुचवलाय बायपास. पोरगी शेवटी फाइल घेऊन माझ्याकडे आली. मी रिटायर झाले असले तरी सगळी उमर थिएटरमध्येच गेली ना. तिचा पहिला प्रश्न काय? "सिस्टर, कशात जास्त किलो जातात?" म्हटलं, बाई, किलो नंतर. आधी सांग, रात्री उशा किती घेतेस?

हसताय काय! खरंच विचारलं. तीन घेते. आडवी झाली की छातीत जळजळ, घशाशी आंबट. पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम. आणि हे तिनं सर्जनला सांगितलेलंच नाही, "त्यात काय सांगायचं" म्हणे. अहो, सगळा निकाल तिथेच लागतो.

स्लीव्ह मी किती लावल्यात त्याला गणतीच नाही. तोंडावाटे जठरात 36 नंबरची जाड नळी घालायची आणि तिच्या कडेकडेनं स्टेपलर मारत खालून वर जायचं. जिथं जठर जाड तिथं हिरवं काडतूस, पुढं पातळ भागाला निळं. सर्जननं हात पुढे केला की न बोलता बरोबर रंगाचं हातात पडलं पाहिजे. मग ॲनेस्थेशियावाले नळीतून निळं औषध सोडणार आणि आम्ही सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघणार, टाक्यांतून कुठं निळं झिरपतंय का. जठराचा जवळजवळ 80 टक्के भाग कापून त्या बोटभर भोकातूनच बाहेर ओढतात. ट्रेमध्ये तो तुकडा रिकाम्या केलेल्या गरम पाण्याच्या पिशवीसारखा लोळागोळा पडलेला असायचा. नव्या पोरी बघून दचकायच्या. आत उरतं त्यात मावतं कपभर. गेलेला भाग पुन्हा काही जोडता येत नाही, हे मात्र सही करताना कुणी नीट वाचत नाही.

पण भूक जाते हे खरं. भुकेचं जे घ्रेलिन म्हणतात, ते मुख्यतः जठराच्या त्याच वरच्या भागात तयार होतं. म्हणून तर ठाण्याची नणंद पहिलं वर्ष दोन चमचे वरणभातावर उठायची. आता? गणपतीत आली होती तेव्हा तुम्हीही पाहिलीत की. थोडं परत चढलंय. अहो, भाकरी अडते, पण आईस्क्रीम नि मिल्कशेक सुर्रकन खाली जातात, त्याला स्लीव्ह काय करणार? तरी साखर आटोक्यात आहे तिची, गुडघे चालतात. तिला ते लाभलं. पण तिला जळजळ नव्हती कधी.

गंमत म्हणजे ही स्लीव्ह सुरुवातीला स्वतंत्र ऑपरेशन नव्हतीच. फार वजनाच्या पेशंटना एकदम मोठं ऑपरेशन झेपायचं नाही, म्हणून पहिला टप्पा एवढाच करून सोडायचे. वजन उतरलं की आतड्याचं नंतर. मग लक्षात आलं, पहिल्या टप्प्यातच कितीतरी जणांचं भागतंय. आठवतं ना, 2017 साली इजिप्तची ती बाई मालवाहू विमानानं मुंबईला आणली होती, क्रेननं पलंगासकट उचलली होती? तिचीही स्लीव्हच केली होती.

जळजळीचं मी मनचं सांगत नाहीये हं. फिनलंडमध्ये 240 लोक घेतले, निम्म्यांना स्लीव्ह, निम्म्यांना बायपास. दहा वर्षांनी दुर्बीण घालून बघितलं तर अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्क्यांना आणि बायपासवाल्यांत 7 टक्क्यांना. 2022 मध्ये आले हे आकडे. जठराची अरुंद नळी केली की आतला दाब वाढतो, आम्ल वर येतं. आता हिला आधीच तीन उशा. पुढं काय, बसून झोपायचं?

बायपासमध्ये तसं काही काढून टाकत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करतात, 30 मिली. म्हणजे मुलांच्या औषधाचं टोपण दोनदा भरेल एवढी. लहान आतडं खाली कापून त्याचं एक टोक वर आणून पिशवीला जोडायचं, दुसरं खाली जोडायचं. बाकीचं जठर आतच राहतं. त्याचा रस खाली जाऊन अन्नाला मिळतो, पण त्यात घास म्हणून पुन्हा कधी पडत नाही. आंबट वर यायला जागाच उरत नाही. आणि साखर? वजन उतरायच्या आधीच उतरते. आठवड्यात इन्शुलिन निम्म्यावर आलेले पेशंट मी वॉर्डात बघितलेत. हिचा डायबेटिस चार वर्षांचा, तोही गोळ्यांवरचा. जितका नवा तितका फायदा जास्त. त्यामुळे सर्जन म्हणतो ते बरोबर आहे.

नाही नाही, एवढं सोपं असतं तर मी एवढा वेळ कशाला उभी राहिले असते? बायपासची किंमत वेगळी. जठराच्या पुढचा जो आतड्याचा पहिला तुकडा, तिथंच लोह जास्त शोषलं जातं, आणि नेमका तोच वगळायचा. मग लोह, कॅल्शियम, डी आणि बी-12 जन्मभर. रक्त तपासणी दरवर्षी. आपल्यासारख्या शाकाहारी घरात बी-12 आधीच तळाला असतं. हिचं हिमोग्लोबिन किती माहितीये? साडेनऊ. आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, बाळंतपणात लोहाच्या गोळ्या ही कुंडीत पुरायची! मी कुंडी बघितली नाही, पण खोटं कशाला सांगतील?

गोळ्या चुकवायची सवय असलेल्या बाईला बायपास म्हणजे दहा वर्षांनी हातापायाला मुंग्या आणि पांढरीफटक. स्लीव्हलाही गोळ्या लागतात, नाही असं नाही, पण तिथं जरा निभावतं. म्हणून मी तिला म्हटलं, तू महिनाभर आधी गोळ्या घेऊन दाखव, मग बोलू.

शिवाय गुडघा दुखला की ती गुपचूप डायक्लोफेनॅक खाते. बायपासनंतर ती गोळी बंद म्हणजे बंद. जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूनंही होतो. मिश्रीचा डबा सासूबाईंचा आहे हो, तिचा नाही, पण घरात वास आहेच.

आणि गोड. पुरणपोळी खाल्ली की गोड सरळ आतड्यात उतरतं. धडधड, दरदरून घाम, चक्कर, संडासला पळापळ. डम्पिंग म्हणतात त्याला. सगळ्यांना होतंच असं नाही. काही सर्जन तर म्हणतात बरंच आहे, गोडाचा धाक राहतो. पण ज्या घरात दर चतुर्थीला एकवीस मोदक होतात, तिथं सुनेनं "मला नको" म्हणायचं म्हणजे डम्पिंगपेक्षा मोठं प्रकरण.

मिनी बायपास? तेही विचारलं तिनं. 1997 पासूनचं आहे, आपल्याकडे खूप करतात. दोन जोडांऐवजी एकच जोड, वेळ कमी, वजन झकास उतरतं. पण पित्त वर यायची शक्यता राहते. पुन्हा तीन उशा! तिच्यासाठी नको.

सासूबाईंच्या फुग्याचं काय सांगू. दुर्बिणीतून जठरात ठेवतात, अर्धा लिटरच्या आसपास सलाइन भरतात, त्यात निळा रंग असतो; फुगा फुटला तर लघवी हिरवी-निळी होते, म्हणजे कळतं. पहिले काही दिवस ओकाऱ्या काढून जीव मेटाकुटीला येतो. सहा महिन्यांनी बाहेर. आणि फुगा बाहेर तशी भूक आत. अति वजनाच्या पेशंटला मोठ्या ऑपरेशनआधी थोडं उतरवायला ठीक. सासूबाईंना आवडतो कारण "काढता येतो". तो पट्ट्याचा प्रकारही तसाच, सिलिकॉनचा पट्टा जठराला बांधायचा. फॅशन होती एके काळी. पुढे पुढे पट्टे घालण्यापेक्षा काढायलाच पेशंट यायचे.

नवऱ्याचं मात्र मी अगदीच चूक म्हणणार नाही. मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं 2025 मध्ये आपल्याकडे आली आणि वजन चांगलंच उतरतं. आठवड्याला एक टोचायचं. पण थांबवलं की बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे हाही जन्माचा खर्च झाला. मी त्याला सरळ विचारलं, "ऑपरेशनच्या पैशांचं टेन्शन आहे का तुला?" तर गडी विम्याची फाइलच घेऊन आला.

विम्याचं ऐका. पॉलिसीत लिहिलेलं असतं, बीएमआय 40 किंवा जास्त; नाहीतर 35 आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा मोठा त्रास किंवा औषधांनीही न आवरणारा डायबेटिस. ही 158 सेंटिमीटर, 104 किलो, म्हणजे 41 च्या वर. बसते. तर हा तिला काय सांगतो, "मंजुरी येईपर्यंत एक किलोसुद्धा कमी करू नकोस!" तिकडे डाएटिशियन म्हणते ऑपरेशनआधी दोन आठवडे प्रोटीनच्या पेयावर राहा, लिव्हर लहान झालं की सर्जनला जागा मिळते. पोरीनं ऐकायचं कुणाचं?

आणि डॉक्टरांचं गणित आणखी वेगळं. 2022 मध्ये जगभरच्या सर्जन मंडळींनी ठरवलं, आशियाई माणसाला साडेसत्तावीसच्या वरच ऑपरेशनबद्दल सांगावं. आपल्या लोकांचं पोट आधी सुटतं, साखर आधी चढते. तुमचा किती असेल? पंचाहत्तर किलो ना... तीसच्या वर. अहो, घाबरू नका, सांगावं म्हणजे उद्या टेबलावर घ्यावं असं नाही! साखर नॉर्मल आहे ना तुमची? मग कढीपत्ता तोडा आणि ऐका.

सगळ्यात नाजूक राहिलंच की. सासूबाईंना दुसरं नातवंड हवंय. "वजन उतरलं की लगेच," म्हणाल्या. म्हटलं, लगेच नाही, वर्ष-दीड वर्ष थांबायचं. झपाट्यानं वजन उतरत असताना पोटातल्या बाळाला काय मिळणार? आणि इकडे वजन उतरलं की पाळी सुधारते, दिवस जायची शक्यता वाढते. बायपासनंतर पाळणा लांबवायच्या गोळ्यांचाही भरवसा नाही, दुसरं साधन लागतं. हे मी फाटकात उभं राहून सांगितलं तर सासूबाई लाजल्या आणि मुलगा आत पळाला.

आणि लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की सुटलो. आधी नुसतं पाणी, ताक, निवळ सूप. मग दाट, मग मऊ कुस्करलेलं, मग कुठे महिन्या-दीड महिन्यानं पोळीचा घास. जेवताना पाणी नाही, अर्धा तास मागेपुढे. रोज साठ ग्रॅमच्या वर प्रोटीन. शाकाहारी माणसानं ते वरणातून काढायचं म्हटलं तर वरणच पोटात मावत नाही, मग पनीर आणि पावडर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. परत येतात, पण ते सांगितलेलं नसलं की रडारड. पित्ताशयात खडे होतात काहींना. हात, पोट, मांड्यांची कातडी लोंबते. 2011 मध्ये गडकरींनी करून घेतलं तेव्हा पेपरात बारीक झालेले फोटो यायचे, कातडीचं कोण लिहितंय?

करू नको असं मी म्हटलेलं नाही हं. स्वीडनमध्ये 1987 पासून हजारो लोकांवर लक्ष ठेवलंय, ऑपरेशन केलेले जास्त जगले. चौतिसाव्या वर्षी गुडघे, साखर आणि तीन उशा घेऊन ती किती ओढणार? आणि मनाची ढिली म्हणून वजन वाढलं, हे जे आपल्या गल्लीत बोलतात ना, ते तेवढं बंद करा. तुम्हीसुद्धा, वहिनी.

माझं मत विचाराल तर हिला बायपासच, दोन जोडांचा. किलोंसाठी नाही, जळजळीसाठी आणि साखरेसाठी. कुंडीतल्या गोळ्यांचं तिनं नवऱ्यासमोर कबूल केलं, तेव्हा जबाबदारी त्यानं घेतली. मोबाइलवर गजर लावलाय म्हणे, बघू किती दिवस वाजतो. जळजळीचं तिनं काल सर्जनला फोन करून सांगितलं. सोमवारी एंडोस्कोपी आहे. अन्ननलिकेला सूज निघाली की स्लीव्हचा विषय संपला, मग ठाण्याहून कितीही फोन येऊ देत.