पक्कडधारक होण्यापूर्वी

खिशात छोटी पक्कड बाळगावी असं ज्यांना अलीकडे वाटू लागलं आहे, पण ती नेमकी कशासाठी हे अजून ठरलेलं नाही, अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचं ठरलेलं असतं त्यांना मार्गदर्शन लागत नाही. ते प्लंबर असतात.

पात्रता किमान आहे. घरात एक तरी नळ गळत असावा आणि तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून "जरा उलटं फिरवून बघा" असं सांगण्याचा अनुभव असावा. वयाची अट नाही. मात्र हा ओढा चाळिशीच्या सुमारास एकदम वाढतो, कारण त्याआधी पैसे नसतात आणि त्यानंतर सिंकखाली वाकता येत नाही.

थोडा इतिहास (परीक्षेला येणार नाही)

1975 साली टिम लेदरमन हा अमेरिकन गृहस्थ बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी कुरकुरणारी, हॉटेलांचे नळ गळके आणि खिशात फक्त स्काउटचा चाकू. या चाकूला पक्कड असायला हवी होती, हे त्याच्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच. परतल्यावर तो गॅरेजमध्ये शिरला. 1980 मध्ये पेटंट मिळालं, पण वस्तू घ्यायला कोणी तयार होईना. चाकूवाले म्हणत हे अवजार आहे, अवजारवाले म्हणत हा चाकू आहे. शेवटी 1983 मध्ये पोर्टलंडला कंपनी उभी राहिली आणि जगाला घडीची पक्कड मिळाली. फियाट आपल्याकडेही होत्या आणि त्याही कुरकुरतच होत्या, पण दर नाक्यावर मेकॅनिक बसलेला असल्यामुळे हा शोध आपल्या हातून राहून गेला.

नवशिक्याने सुरुवात या घडीच्या अवजाराने करू नये असं माझं मत आहे. त्यात चाकू, करवत, कानस, बाटली उघडायचा आकडा, असं पुष्कळ असतं आणि पक्कड त्या गर्दीत कशीबशी सामावलेली असते. शिवाय चाकूचं पातं असल्यामुळे मॉलच्या दारातल्या रक्षकाला त्यात तुमच्याइतकाच रस उत्पन्न होतो. पातं नसलेली साधी छोटी पक्कड दाखवली की तो दयेने बघतो आणि आत सोडतो.

मापाचा प्रश्न

इथे जरा थांबावं लागेल, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते.

जर्मनीतल्या वुपरटाल शहरात क्निपेक्स नावाची कंपनी 1882 पासून आहे आणि पकडी बनवणं हाच तिचा मुख्य उद्योग आहे. तिची कोब्रा नावाची सरकत्या जबड्याची पक्कड प्रसिद्ध आहे. आपले प्लंबर जिला वॉटर पंप प्लायर म्हणतात त्याच घराण्यातली. तिचे दात फिरवण्याच्या दिशेच्या उलटे तिरपे कापलेले असतात, त्यामुळे दांडा ढकलाल तितकी ती पाईप घट्ट धरते आणि मुठीत जोर कमी लागतो. या कोब्राची सर्वांत छोटी आवृत्ती 100 मिलिमीटरची. तर्जनीपेक्षा थोडी लांब, वजन साठ-पासष्ट ग्रॅम. तिचा व्हिडिओ एकदा पाहिलात की संपलंच. रात्री अकराला पाहिला असेल तर सव्वाअकराला ऑर्डर गेलेली असते.

दुसरी आहे त्याच कंपनीची पाना-पक्कड. हिचे जबडे गुळगुळीत असतात आणि कितीही उघडले तरी एकमेकांना समांतर राहतात. याचं महत्त्व नीट समजून घ्या. साध्या पकडीचा जबडा उघडला की त्याचा कोन होतो. त्या कोनात षटकोनी नट धरला की पकड बसते ती कडांवर, सपाट बाजूंवर नाही. जोर लावला की कडा झिजतात, नट गोल होतो आणि गोल झालेला नट काढायला जो माणूस येतो तो येतानाच "हे कोणी केलं?" असं विचारत येतो. समांतर जबडा नटाच्या सपाट बाजूवर पूर्ण टेकतो, म्हणून कडा शाबूत राहतात. दात नसल्यामुळे नळाच्या क्रोमवर ओरखडेही उठत नाहीत. बाथरूममध्ये महागडी सीपी फिटिंग बसवलेल्या घरात या एका गुणावर संसार टिकतो.

आता मापाची गंमत. या पाना-पकडीची सर्वांत छोटी आवृत्तीही 100 मिलिमीटरची आणि तिचा जबडा 21 मिलिमीटरपर्यंत उघडतो. तुमच्या घरातला नळ 'अर्धा इंची' आहे. अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर, म्हणजे आरामात बसेल, असा हिशेब नवशिका मनातल्या मनात करतो. बसत नाही. नळकामातला अर्धा इंच हा अर्धा इंच नसतोच. ते पाईपच्या आतल्या पोकळीचं जुनं, नावापुरतं माप. त्या पाईपवरच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ 21 मिलिमीटर भरतो. त्यावर चढणारा नट अर्थातच त्याहून मोठा. म्हणजे ज्या गळक्या कनेक्शन पाईपसाठी तुम्ही ही परदेशी वस्तू मागवली, तिच्या नटाभोवती तिचं तोंडच जात नाही. सायकलचे, पंख्याचे, कपाटाच्या बिजागरीचे नट ती सुंदर फिरवते. पण गळतंय बाथरूममध्ये.

म्हणून नियम असा: आधी घरातले नट मोजा, मग पक्कड घ्या. मोजपट्टी शाळेच्या कंपासपेटीतली चालेल. 125 मिलिमीटरची कोब्रा 27 मिलिमीटरपर्यंतचा नट धरते आणि तरीही खिशात मावते, त्यामुळे नळ हा तुमचा मुख्य शत्रू असेल तर तिकडे वळा. मात्र लहान पकडीकडून मोठ्या कामाची अपेक्षा ठेवू नका. दांडा जितका लांब तितका जोर. तेवढाच हात लावून 250 मिलिमीटरची पक्कड 100 मिलिमीटरच्या पकडीच्या अडीचपट फिरक देते आणि हे गणित कितीही दात-ओठ खाल्ले तरी बदलत नाही. दांड्याला पाईपचा तुकडा जोडून लांबी वाढवण्याचा जो विचार आत्ता तुमच्या मनात आला, तो तिथेच सोडून द्या.

खरेदी

परदेशी वस्तूचा भाव ऐकून दचकला असाल तर नाशिककडे वळा. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या टपारियाच्या पकडी आणि पाने देशभरातल्या इलेक्ट्रिशियनांच्या मागच्या खिशातून डोकावत असतात. त्या नाजूक नाहीत, चांगल्या दणकट आहेत. तुम्हाला व्हिडिओमध्ये जे काम करून दाखवलं गेलं, ते गल्लीतला वायरमन याच पकडीने बोलता बोलता करतो आणि त्याचं कोणी चित्रीकरण करत नाही.

दुकान हार्डवेअरचं गाठावं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. दुकानात शिरल्यावर "क्रोम व्हॅनेडियम आहे का?" असं विचारू नये. शेठ पाना उलटा करून दाखवतात: "लिहिलंय की." लिहिलेलं सगळ्यांवर असतं. जे वाकतात त्यांच्यावरही.

त्याऐवजी पुढची तपासणी शांतपणे, ग्राहकांची गर्दी वाढेल अशा बेताने करावी. पक्कड मिटवून ट्यूबलाइटसमोर धरा. कटरच्या दोन धारांमधून उजेड दिसला तर परत ठेवा. मग दांडे धरून आडवे हलवून पाहा. सांध्याच्या खिळ्यात खडखड असेल तर ती पक्कड वर्षभरात कात्रीसारखी एका बाजूला पडणार. पुढे वर्तमानपत्राचा कपटा कटरमध्ये धरून कापा. धारेच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला, तिन्ही ठिकाणी तो साफ कापला गेला पाहिजे. एवढं होईपर्यंत शेठनी तुम्हाला ओळखलेलं असतं आणि पुढच्या वेळी ते पोऱ्याला पाठवतात. जबडा आणि सांधा, या दोन गोष्टी चोख असल्या की बाकीचं रंग आणि पाकीट आहे.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे जुन्या जर्मन पकडी मिळतात अशी आख्यायिका आहे आणि कधीकधी ती खरी ठरते. नवशिक्याने तिथे पैसे मोजूनच न्यावेत.

विजेबद्दल, विनोद न करता

दांड्यांवर लाल-पिवळं प्लॅस्टिक आहे म्हणजे शॉक लागणार नाही, हा समज काढून टाका. बहुतेक आवरणं हाताला सोसावं म्हणून असतात. विजेच्या कामासाठी तपासून पारखलेल्या पकडीवर 1000 व्होल्टचा आकडा आणि दुहेरी त्रिकोणाची खूण छापलेली असते. खिशातल्या छोट्या पकडींवर सहसा ती नसते, काहींवर तर नुसतं पोलाद. घरातली वीज 230 व्होल्टची असते. आधी एमसीबी खाली पाडा, टेस्टर लावून खात्री करा, मग हात घाला. खूण असलेली पक्कड असली तरीही.

बाळगणे

शर्टाचा खिसा वर्ज्य. माणूस वाकला की पक्कड पडते आणि माणूस वाकतो कुठे तर कमोडवर.

जीन्सला उजव्या खिशात जो एक छोटा खिसा असतो, तो मुळात साखळीच्या घड्याळासाठी शिवला जाई. आज त्यात दुसरं काहीच मावत नाही, पण 100 मिलिमीटरची पक्कड उभी राहते आणि दिवसभर टोचून आपली आठवण देत राहते. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवणारे लोक आहेत. त्यांच्या खिशाचं अस्तर महिन्याभरात फाटतं आणि मग सुटे पैसे पायापाशी सापडतात. पट्ट्याला चामडी म्यान लावू नये. मोबाइल नवे होते तेव्हा आपल्याच काकांनी तो प्रकार करून पाहिलेला आहे. कुर्त्याला खिसा न देणाऱ्या शिंप्यांच्या राज्यात भगिनींना पर्सच्या तळाचा आश्रय घ्यावा लागतो. तिथे पक्कड हरवत नाही, फक्त लागेल तेव्हा सापडत नाही. कनवटीला खोचणारी पिढी आता राहिली नाही, नाहीतर सर्वांत चांगली जागा तीच होती.

विमानाने जाताना पक्कड हातसामानात ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. सुरक्षातपासणीला ती काढून घेतली जाते आणि त्या टोपलीत पडलेल्या चांगल्या चांगल्या पकडी पाहून जीव तुटतो.

सामाजिक दायित्व

तुमच्याकडे पक्कड आहे ही बातमी सोसायटीत पसरायला एक घसरलेली चेन पुरते. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पर्सची असेल किंवा त्यांच्या नातवाच्या सायकलची. त्यानंतर रविवार तुमचे राहत नाहीत. गॅसचा रेग्युलेटर, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, गणपतीच्या मखराची तार, सेक्रेटरींच्या दाराचा कडी-कोयंडा. या सगळ्याला "तुमचं ते द्या ना जरा" असं मोघम संबोधन असतं.

'ते' द्यायचं नाही. आपण जायचं. दिलेली पक्कड हातोडी म्हणून वापरली जाते, हे निसर्गनियमाइतकं पक्कं आहे. भिंतीत खिळा ठोकला की सांध्याचा खिळा सैल होतो आणि पक्कड परत येते ती "आमच्याकडे अशीच होती" या शेऱ्यासह. एका कामासाठी मात्र उदार व्हावं. पावसाळ्यात खेकड्याच्या नांग्या फोडायला पक्कड मागितली तर स्वतः घेऊन जावं, जेवणाच्या वेळेला.

निगा

नांगी फोडल्यावर साबणाने धुवा, लगेच कोरडी करा. कोकणपट्टीत जूनपासून लोखंड बघता बघता तांबूस होतं आणि पोलादही फार काळ मागे राहत नाही. सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब, उघडझाप, वर आलेली काळी घाण फडक्याने पुसली, की झालं. खोबरेल घालू नका. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे डिसेंबरात सकाळी नागपूरकराची पक्कड उघडत नाही.

खंडेनवमीला पूजेत पक्कड ठेवायला हरकत नाही, तिचा तो हक्कच आहे. पण आधी तेलाचा हात फिरवा आणि हळद-कुंकू दांड्यावर वाहा, जबड्यात नको. अक्षता सांध्यात अडकतात आणि दिवाळीपर्यंत निघत नाहीत.

जाता जाता एक विनंती. गेल्या गणपतीत तोरणाची तार वाकवायला म्हणून आमच्या इमारतीतून जी नोज प्लायर गेली आहे, ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी वॉचमनकडे आणून ठेवावी. नाव विचारलं जाणार नाही. टोक वाकलं असलं तरी चालेल.