खिडकीच्या मापाचं चित्र

प्रत्येक सोसायटीत एक योगासनवाले काका असतात, एक नियमावलीवाले काका असतात आणि एक जलरंगवाले काका असतात. पहिले दोघे सगळ्या सोसायटीला त्रास देतात. तिसऱ्यांचा त्रास घरच्यांपुरताच राहतो, त्यामुळे सोसायटीत त्यांना मान असतो.

हे काका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. बँकेत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, हा तिथला रिवाज. जलरंगातही खाडाखोड चालत नाही. सही मात्र चुकलं तरी करावीच लागते. शाळेत असताना काकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या असतात आणि इंटरमिजिएटला त्यांना ‘बी’ मिळालेली असते. ‘ए’ का हुकली याचं कारण ते अजून सांगतात. स्थिरचित्राला कळशी आणि दोन वांगी मांडली होती, पण पुढच्या मुलाच्या डोक्याआड एक वांगं गेलं. पुढे सगळी नोकरी त्यांनी त्या एका वांग्याची रुखरुख मनात ठेवून केली. सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंग आणले.

तेलरंग का नको, हे त्यांना विचारू नये. विचारलंच तर बसून घ्यावं. तेलरंगवाला चुकला की खरवडतो, ॲक्रिलिकवाला वरून दुसरा थर देतो आणि जलरंगवाला ‘मला तसंच हवं होतं’ असं म्हणतो. जलरंग हे मर्दाचं काम आहे, असं त्यांचं मत आहे. पुरावा म्हणून ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची ‘निरांजनी’ काढतात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे चित्र जलरंगातलं आहे, आणि लोक खुशाल ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. अशा वेळी काका स्वतःवर अन्याय झाल्याच्या आवाजात सांगणाऱ्याला दुरुस्त करतात.

खरी साधना कागदापासून सुरू होते. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतात. म्हणून शंभर टक्के कॉटनचा, 300 जीएसएमचा कागद हवा. काकांकडे फ्रान्सचा ‘आर्श’ कागद आहे. ती गिरणी 1492 साली सुरू झाली, म्हणजे कोलंबस अमेरिकेच्या वाटेला लागला त्या वर्षी, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तो कागद इतका महाग आहे की त्यावर चित्र काढायची काकांची हिंमत होत नाही. तो कपाटात वर, काकूंच्या पैठणीशेजारी आहे. रोजची चित्रं पुण्याच्या शिवाजीनगरातून आणलेल्या हातकागदावर होतात. पैठणीही अजून नेसलेली नाही, त्यामुळे काकू त्या बाबतीत काही बोलत नाहीत.

विषयांच्या बाबतीत काकांचा प्रवास ठरलेल्या टप्प्यांनी होतो. पहिला टप्पा पुस्तकातला. त्यात एक तळं, तळ्याकाठी उतरत्या छपराचं लाकडी घर, मागे बर्फाचे डोंगर. काकांनी बर्फ फ्रीजरच्या बाहेर पाहिलेला नसतो, पण पारदर्शक जलरंगाचा नियम त्यांच्या सोयीचा पडतो. या प्रकारात पांढरा रंग नळीतून लावायचा नसतो, कागदाचाच पांढरा राखायचा असतो. बर्फाचं चित्र काढायचं म्हणजे अर्ध्या कागदावर काहीच करायचं नाही. ही चित्रं काकांची सर्वांत चांगली चित्रं आहेत.

दुसरा टप्पा घाटाचा. वाईजवळचं मेणवली हे हौशी जलरंगवाल्यांचं कुलदैवत. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेकाठच्या पायऱ्या, देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा. रविवारी पहाटे काकांच्या चित्रकार गटातली मंडळी घडीचं स्टूल, टोपी आणि पोह्यांचे डबे घेऊन तिथे हजर होतात. काळा दगड नळीतल्या काळ्या रंगानं रंगवणं हे पाप. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून त्याचा करडा साधायचा. काका करडा साधेपर्यंत सावल्या दुसऱ्या पायरीवर सरकलेल्या असतात. मग पहिल्या पायऱ्या सकाळच्या आणि शेवटच्या दुपारच्या उन्हात येतात. घंटेचं तोंड लंबवर्तुळाकार, म्हणून ते टाळून काका घंटेपुढे एक झाड उगवतात. प्रत्यक्षात तिथे झाड नाही. काकांच्या चित्रांत वनीकरण फार.

बाहेर बसलं की प्रेक्षक येतातच. एक मुलगा मागे उभा राहतो, बराच वेळ बघतो आणि विचारतो, “काका, हे ‘स्वदेस’मध्ये होतं तेच का?” काका खूश होऊन मान हलवतात. मुलगा घाटाकडे बघतो, कागदाकडे बघतो आणि म्हणतो, “मग इथलं का नाही काढत?”

हवामानाचाही अडसर असतो. मे महिन्यात आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळून रेघ उमटते. श्रावणात तोच वॉश संध्याकाळपर्यंत ओला. घाईनं अर्धवट ओल्या रंगात पाण्यानं भरलेला ब्रश टेकला की ते पाणी रंगाला पुढे ढकलतं आणि कातरलेल्या कडेचा एक पसरट डाग उमटतो. चित्रकार त्याला कॉलीफ्लॉवर म्हणतात. काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी आकाशाकडे बोट दाखवून विचारलं, “अहो, हा फ्लॉवर कशाला काढला?” काकांना वाटलं, एवढ्या वर्षांनी हिला जलरंग कळायला लागले. त्या आनंदात त्यांनी काकूंना मॉडेल करायचं ठरवलं.

हा तिसरा टप्पा, मनुष्याकृतीचा. हळदणकरांनी ‘निरांजनी’साठी आपल्या मुलीला उभं केलं होतं. काकांच्या मुलीनं “बाबा, फोटो काढून घ्या ना” असं सांगून लॅपटॉप उघडला. मग काकू हातात निरांजन घेऊन उभ्या राहिल्या. आधी निरांजनातलं तूप संपलं, मग गॅसवरची मेथी करपली, शेवटी काकूंचा हात अवघडला. चित्रात निरांजन मात्र सुरेख उतरलं. काकूंनी चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “सासूबाई अगदी हुबेहूब आल्यात.” त्यानंतर मनुष्याकृती पाठमोरी आणि लांबवर असते, आणि बहुधा छत्री घेतलेली.

चित्रं साठत जातात. पलंगाखाली, कपाटावर, सुटकेसमध्ये. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी शाहू महाराजांच्या निधनानंतर आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं सांगतात. काकांनी हे एकदा जेवताना मोठ्या भक्तिभावानं सांगितलं. काकू आमटी वाढता वाढता म्हणाल्या, “आपल्याकडे नुसती टाकी आहे.”

इथून काकांच्या आयुष्याचा मुख्य अध्याय सुरू होतो. पलंगाखालच्या ढिगातलं एक चित्र कुणीतरी फ्रेम करायला सुचवतं आणि काका पहिल्यांदा फ्रेमवाल्याकडे जातात. तो चित्र उलटं धरून विचारतो, “काका, पट्टी कुठली लावू? सोनेरी की काळी?” मग त्यांच्या डोळ्यांदेखत तो चित्राच्या पाठीला फेविकॉल फासून हार्डबोर्डवर थापतो, वर काच टेकवतो आणि चुका ठोकतो. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा कोंडतो, कागदाला पसरायला जागा नसते, आणि काकांच्या मेणवलीच्या आकाशात बुरशीचे खरेखुरे ढग येतात. हौशी चित्रकाराची आणि माउंटिंगशास्त्राची गाठ पडते ती इथे.

आता काका सांगतात ते ऐकण्यासारखं आहे, कारण यात ते खरोखर जाणकार आहेत. चित्र काचेला टेकता कामा नये. मधे माउंटबोर्डाची जाडी हवी, तेवढी हवा खेळली की ओल धरत नाही. बोर्ड आम्लरहित हवा, नाहीतर काही वर्षांत बोर्डात चित्रासाठी कापलेल्या खिडकीच्या कडेनं चित्रावर तपकिरी रेघ पडते. सेलोटेप लावला तर पिवळा पडतो आणि काढताना कागद घेऊनच निघतो. चित्र चारी बाजूंनी चिकटवायचं नाही. कागद पावसाळ्यात पसरतो, हिवाळ्यात आकसतो. म्हणून फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्यांवर टांगायचं आणि खाली मोकळं सोडायचं. माउंटची खालची कडा वरच्यापेक्षा किंचित रुंद, म्हणजे चित्र खाली घसरल्याचा भास होत नाही. खिडकीची कड पंचेचाळीस अंशांत तिरकी कापायची. काकांचं घाटाचं पर्स्पेक्टिव्ह चुकतं, पण पंचेचाळीस अंश कधी चुकत नाहीत.

त्या दोन पट्ट्या कशानं चिकटवायच्या? जगभरच्या संग्रहालयांत त्यासाठी जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, हे काकांना कळलं. “अगं, सुती साड्यांना तू घालायचीस तीच!” म्हणत ते स्वयंपाकघरात घुसले. काकूंनी परोपरीनं सांगितलं, की खळीला झुरळं येतात. काकांनी जागतिक संग्रहालयांचा दाखला दिला. जागतिक संग्रहालयांत झुरळं नसावीत. काकांच्या घरी ती आली आणि त्यांनी बर्फाच्या डोंगराचं वरचं टोक खाल्लं. जाणकारांच्या मते चित्र त्यामुळे सुधारलं.

पुढे काकांनी माउंट कापायचं यंत्रच घेतलं. पहिल्या खिडकीच्या कोपऱ्यात पातं पुढे गेलं. तो काप झाकायला खिडकी थोडी मोठी केली, तर दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. असं करत खिडकी इतकी मोठी झाली की चित्र त्यातून आरपार पडायला लागलं. महागाचा बोर्ड वाया कसा घालवायचा? काकांनी खिडकीच्या मापाचं नवं चित्र काढलं. विषय कोणता, हे त्यांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, “साडेअकरा बाय सोळा.”

उलट प्रकारही घडतो. माउंटबोर्डाचे दोन ‘एल’ कापून ते चित्रावर पुढेमागे सरकवायचे आणि चित्रातला चांगला भाग शोधायचा. हे एल हाती आल्यापासून काकांचं एकही चित्र बिघडलेलं नाही. अर्ध्या शीटचा मेणवलीचा घाट एल फिरवता फिरवता पाव शीटचा होतो, मग वहीच्या पानाएवढा, आणि शेवटी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यात पायरीवरचं ऊन नेमकं सापडतं. त्याला चारी बाजूंनी भरपूर पांढरा माउंट, त्यावर डबल माउंट, सागाची बारीक पट्टी आणि न चमकणारी काच. चित्र चार इंच, भिंतीवर दीड फूट. नाव ‘उन्हाची तिरीप’. बघणारे खरंच थांबतात.

वर्षातून एकदा गटाचं प्रदर्शन भरतं. पहिल्या दिवशी नातेवाईक येतात, दुसऱ्या दिवशी गटातल्या इतरांचे नातेवाईक येतात, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस आला तर प्रेक्षक. अभिप्रायवहीत ‘छान’, ‘खूपच छान’ आणि ‘असेच काढत राहा’ असे तीनच शेरे असतात. तिसरा शेरा बहुधा फ्रेमवाल्याचा. चित्र विकलं जात नाही, पण दरवर्षी कोणीतरी येऊन माउंट कुठून करून घेतला हे विचारतं. काकांची छाती तेव्हा फुगते. अलीकडे काच नकोच, चित्र लाकडी फळीवर चिकटवून वरून मेणाचा हात द्यायचा, असं नवं तंत्र त्यांनी वाचलंय. काकूंनी फरशीच्या पॉलिशचा डबा कुलपात ठेवला आहे.

एवढं असूनही या काकांशी भांडू नये. आपण घाटावर जातो, मोबाइल काढतो, तोंड वेडंवाकडं करून फोटो घेतो आणि मिसळ शोधतो. हा माणूस एका दगडी पायरीसमोर दोन तास बसतो आणि सावलीत निळा किती आणि तांबूस किती, यावर स्वतःशी वाद घालतो. चित्र जमत नाही, बघणं मात्र जमतं. मेणवलीच्या घाटावर सकाळी आठला ऊन कितव्या पायरीवर असतं, ते या जिल्ह्यात त्यांच्याइतकं फार थोड्यांना माहीत असेल.

तेव्हा वास्तुशांतीला किंवा मुंजीला काकांकडून ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळलेलं काही चौकोनी आलं, तर नाराज होऊ नका. बाथरूमच्या भिंतीला लावू नका, ओल येते. पश्चिमेच्या उन्हातही नको, रंग उडतात. लावाल तिथे आधी माउंटचं कौतुक करा, मग कागद कुठला ते विचारा. आणि चित्र उभं लावायचं की आडवं, हे काका गेल्यावर मागची दोरी बघून ठरवा. त्यांना विचारू नका.