दोन आठवड्यांचा ब्रदर

अमेरिकेत शाळा-कॉलेजांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की युगांडातल्या एंटेबे विमानतळावर एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं उतरू लागतात. टी-शर्टवर अख्ख्या आफ्रिका खंडाचा नकाशा, नकाशाच्या पोटात लाल बदाम आणि खाली बायबलमधलं एखादं वचन. त्यातच दोन आठवड्यांच्या सेवेला निघालेला आपला ब्रदर असतो. चर्चनं त्याला 'आफ्रिकेला' जायचा निरोप दिलेला असतो. युगांडा हे नाव त्याला व्हिसाच्या अर्जावर पहिल्यांदा नीट लिहावं लागलेलं असतं.

बरोबर दोन बॅगा. एक त्याची स्वतःची. तिच्यात डासांचं मलम, मलेरियाच्या गोळ्या, आणि इथलं अन्न बाधलंच तर म्हणून पीनट बटर. दुसरी मुलांसाठी : फुगे, रंगीत खडू आणि लोकरीचे मोजे. विषुववृत्ताच्या देशात लोकरीचे मोजे कशाला, असं विचारू नये. त्याच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांनी ते वर्षभर बसून विणलेले असतात, आणि त्यांना नको म्हणायची खुद्द पाळकाची छाती होत नाही. गंमत म्हणजे, सगळ्या सामानात उपयोगी पडतात ते हेच मोजे. त्याला जायचं असतं ते मसाका गाव बाराशे मीटरच्या वर आहे, जुलैत पहाटे चांगलंच गारठतं.

मसाकाच्या वाटेवर कायाब्वे लागतं. तिथं विषुववृत्ताची रेघ आहे आणि रेघेवर एक पांढरं कडं उभं आहे. एक माणूस रेघेच्या अलीकडे-पलीकडे पाण्याची भांडी मांडून, पाणी इकडे उजवीकडून फिरतं नि तिकडे डावीकडून, असा 'विज्ञानाचा प्रयोग' पैसे घेऊन दाखवतो. प्रयोग खोटा आहे, सगळी करामत त्याच्या हाताची. ब्रदरला तो देवाच्या सृष्टीचा चमत्कार वाटतो. पुढच्या टपरीवर तो चपातीत गुंडाळलेलं आम्लेट खातो, त्याला तिथं 'रोलेक्स' म्हणतात, आणि अस्सल आफ्रिकन पदार्थ म्हणून त्याचा फोटो घरी पाठवतो. चपाती तिकडे हिंदुस्थानी माणसांबरोबर गेली, हे त्याला कोणी सांगत नाही.

मसाकातल्या शाळेत पाऊल टाकताच पहिला प्रसंग ओढवतो. बुगांडात, म्हणजे युगांडातल्या या जुन्या राज्यात, मुली वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. एक चिमुरडी समोर येऊन गुडघे टेकते. ब्रदरला वाटतं, हिला काहीतरी झालं. तोही घाईघाईनं गुडघ्यावर बसतो. पाहुणाच खाली बसला म्हणून पोरगी आणखी वाकते, मग तोही वाकतो. शेवटी हेडमिस्ट्रेस मॅडम येऊन दोघांना उठवतात.

मग भिंत. ब्रदर भिंत रंगवायला आलेला असतो. ही भिंत गेल्या साली निळी होती, त्याआधी पिवळी. आपल्याकडे मंत्री दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात झाड लावतात, तसंच हे. गावातला रंगारी शेजारच्या झाडाखाली बसून हे सगळं बघत असतो. संध्याकाळी ब्रदर मुक्कामाला गेला की मॅडम या रंगाऱ्याला बोलावतात आणि खिडक्यांच्या काचांवरचा रंग खरवडून घेतात.

तिसऱ्या दिवशी अनाथ मुलांची भेट. ब्रदरचा गळा आधीच दाटून आलेला. ज्या मुलाला जवळ घेऊन त्यानं डोळे पुसलेले असतात, तोच दुसऱ्या दिवशी एका बाईचा हात धरून येतो. ही माझी आई, केळी विकते. ब्रदर गोंधळतो, मनातून थोडा नाराजही होतो. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा बाप, दोघांपैकी एकजण गेलेलं मूलही अनाथच धरतात, आणि अशाच मुलांची संख्या मोठी असते. ज्यांचे दोघेही गेले तीही बहुतेक कुणा ना कुणा जज्जाकडे, म्हणजे आजीकडे, वाढतात. मसाकाला लागूनच जुना राकाई जिल्हा. तिथल्या कासेन्सेरो या मच्छीमारांच्या गावात 1982 साली युगांडातले एड्सचे पहिले रुग्ण आढळले. पुढच्या वर्षांत घरोघरची कर्ती पिढी गेली आणि म्हाताऱ्यांनी दुसऱ्यांदा संसार मांडले. त्या आज्यांच्या अंगावर कुठल्याच मिशनचा टी-शर्ट नव्हता.

युगांडानं मिशनरी पाहिलेच नाहीत असं नाही. अलेक्झांडर मॅके नावाचा स्कॉटिश इंजिनिअर 1878 साली बुगांडाच्या राजाच्या दरबारात पोचला. त्यानं सुतारकाम शिकवलं, छापखाना चालवला, लुगांडा भाषेत शुभवर्तमान छापलं, आणि 1890 मध्ये तापानं मेला. मधल्या काळात तो एकदाही घरी गेला नाही. ब्रदरचं परतीचं तिकीट चौदाव्या दिवसाचं असतं, आणि त्यातला एक दिवस सफारीचा.

निघायच्या आधी तो मॅडमना विचारतो, तुम्हाला सगळ्यात जास्त गरज कशाची? मॅडम म्हणतात, दोन शिक्षकांचा पगार आणि मुलींसाठी संडास. 1997 मध्ये सरकारनं प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि मुलांची संख्या तीस लाखांवरून एका वर्षात पन्नास लाखांच्या वर गेली. मास्तर काही त्या वेगानं वाढले नाहीत. ब्रदर वहीत सगळं लिहून घेतो आणि विचारतो, बरं, आणि मुलांसाठी काही? पगाराचा फोटो निघत नाही, ही त्याची अडचण मॅडमना ठाऊक असते.

पण ब्रदरला हसून मोकळं होता येत नाही. कारण घरी गेल्यावर तो त्या केळीवालीच्या मुलाचा फोटो फ्रिजवर लावतो आणि दरमहा पैसे पाठवू लागतो. कोरियन युद्धाच्या सुमारास वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन या संस्थांनी ही पद्धत रुजवली. फी, वह्या, दुपारचा मक्याच्या पिठाचा पोशो नि घेवडा, हे सगळं त्या पैशातून होतं. सोबत पत्रंही येतात : इकडे बर्फ पडतंय, आमच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं. मुलगा उत्तर लिहितो : आमची शेळी बरी आहे, कुत्रा कसा आहे? आपल्याकडे मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या कित्येकांना अशी पत्रं आठवत असतील.

हे पैसे भिंतीपायी येतात. मॅडम हे पुरतं ओळखून आहेत. म्हणून त्या भिंत रंगवू देतात, आणि थोडी कोरी नेहमी राखून ठेवतात, पुढच्या सालच्या ब्रदरसाठी.

तेव्हा तुमच्या ओळखीत असा कोणी ब्रदर असेल तर त्याला अडवू नका. एवढंच सांगा, की जुलैत तिथं शाळा चालू असते आणि नोव्हेंबरात सातवीची मोठी परीक्षा असते. पाहुण्यांसाठी गाणी म्हणायला वर्ग सोडावे लागतात. भिंत शनिवारी रंगव म्हणावं.