अनंत : सुमारे पंधरा

हुबळी ते धारवाड अंतर वीसेक किलोमीटर. त्यातला एक इंचही वगळून जाता येत नाही. बसचं भाडं मात्र टप्प्याटप्प्यानं वाढतं, आणि टप्पा बदलतो तो माझ्या घराच्या दोन खांब अलीकडे. त्या दोन खांबांचे पैसे मी नोकरीभर भरले.

पेढ्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाच-पाच ग्रॅमनं उडी मारतो. २४८ ग्रॅम पेढ्यांना तो बिनदिक्कत २५० म्हणतो. दुकानदार ‘सरी अदरी’ म्हणून पुडा बांधतो. त्याला हे ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे.

हे सगळं सोसलं, कारण गणित शाबूत होतं. धारवाडात कलन शिकताना सरांनी सांगितलं होतं : बदलाचा दर काढताना एच ही छोटीशी वाढ घ्या, एच शून्याकडे न्या, हवा तेवढा जवळ न्या, उत्तर सुधारतच जाईल. फळ्यावर एचला कुणी अडवलं नाही.

परवा भाच्यानं संगणकावर वर्गाचं उदाहरण घेऊन तेच करून दाखवलं : एकात एच मिळवून वर्ग करायचा, त्यातून एकचा वर्ग वजा करायचा, आणि एचनं भागायचं. उत्तर २ यायला हवं. एच लहान होत एक भागिले दहा कोटीपर्यंत गेला, तोवर सगळं सरांच्या म्हणण्याप्रमाणे. त्यापुढे उत्तर बिघडायला लागलं, आणि एच सोळाव्या दशांशस्थळी पोचताच थेट शून्य! एकात एवढासा एच मिळवला काय, न मिळवला काय, यंत्राला दोन्ही सारखेच. वजाबाकी शून्य, म्हणून उत्तरही शून्य. पंधरा-सोळा अंकांपुढचं धरायचं नाही, हे संगणकी अंकगणिताच्या १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकापासून रीतसर ठरलेलं आहे. म्हणजे दाद मागायची सोयही नाही.

धरायचं नाही ते नाही, निदान नीट सोडावं. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं १९८२ साली निर्देशांक १००० वर सुरू केला आणि दर वेळी तिसऱ्या दशांशापुढचे अंक नुसते छाटले. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात तो ५२४ वर आला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर १०९८ निघाला. बाजार पडलाच नव्हता, फक्त दशांश पडत होते.

१ अधिक १/२ अधिक १/३ अशी बेरीज करत गेलं तर ती कुठेच थांबत नाही, हे निकोल ओरेमनं चौदाव्या शतकात सिद्ध केलं. बिचाऱ्याकडे वीजही नव्हती. भाच्याच्या यंत्रात सिंगल प्रिसिजन, म्हणजे आणखी कमी अंकांचा हिशेब, लावला, तर वीस लाखांवर पदं मिळवल्यावर ती १५.४ वर बसते ती कायमची. पुढचं पद इतकं बारीक, की बेरजेला त्याचा पत्ताच लागत नाही.

मी कुरकुरलो तसा भाचा म्हणाला, “मामा, डबल प्रिसिजन घ्या, चौतीसपर्यंत जाईल.” अनंत दुपटीहून वाढला याचा मी आनंद मानावा, अशी त्याची अपेक्षा दिसली.