मु. पो. विषुववृत्त

प्रति,
मा. उपग्रहसाहेब,
मु. पो. विषुववृत्त, वरचा मजला,
उंची सुमारे ३६,००० किलोमीटर.

स. न. वि. वि.

आपला नि माझा परिचय नाही. कंपनीच्या पावतीवर आपलं नाव नसतं. कस्टमर केअरला फोन करून "आम्हाला वरून चित्र पाठवतात ते नेमके कोण?" असं विचारलं, तर बाईंनी गोड आवाजात माझा पॅक अपग्रेड करायची तयारी दाखवली. तेव्हा पत्र खुलंच लिहितो. आपल्याला तिथून पृथ्वीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग दिसतो म्हणे, त्यात हा कागदही येईल.

पत्रास कारण की, आम्ही केबल सोडून आपल्या आश्रयाला आलो आहोत. का सोडली ते आधी सांगतो, नाहीतर आपण म्हणाल, माणसं चंचल दिसतात.

आमची केबलची वायर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून निघायची, वाटेत गुलमोहराच्या फांदीवर टेकायची, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांना चाटून वर आमच्या खिडकीत शिरायची. फांदीपाशी एक जोड होता. जोडाला काळी चिकटपट्टी, पट्टीवर रिकामी दुधाची पिशवी, पिशवीला सुतळी. पिशवीत पाणी शिरलं की पडद्यावर मुंग्या. शेजारच्या गल्लीतली लाईट गेली की आमच्याकडे लाईट असूनही टीव्ही बंद, कारण ॲम्प्लिफायर त्या गल्लीत. आणि महिन्याच्या दहा तारखेला दारात पोरगा हजर : "काका, केबल." पावती मागितली की तो असा बघायचा, जणू मी त्याची पत्रिका मागितली.

पुढे सरकारनेच लक्ष घातलं. केबलवाल्यांकडे खरी घरं किती आणि ते वाहिन्यांना सांगतात किती, याचा मेळ बसेना, म्हणून डिजिटल बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईला २०१२ च्या ऑक्टोबरअखेरची मुदत होती, आमच्या पुण्याला ३१ मार्च २०१३ ची. बॉक्स आला. मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी चौकोन आले. मुंग्यांत निदान बातम्या ऐकू यायच्या. चौकोनांत निवेदकाचं नाक डावीकडे, हनुवटी उजवीकडे आणि वाक्य अर्ध्यावर. तेव्हा घरात ठराव झाला की आता मधला माणूस नको, थेट मालकाकडे जाऊ.

आपल्याकडे आल्यावर कळलं की केबलवालाही आपल्याच भाऊबंदांकडून माल उचलत होता. वाहिनी आपला कार्यक्रम एका उपग्रहाकडे पाठवते. केबल कंपनीच्या आवारात मोठमोठ्या छत्र्या आ वासून बसलेल्या असतात, त्या तो झेलतात आणि पुढे वायरीत ढकलतात. म्हणजे गुलमोहरावरून इतकी वर्षं उपग्रहच घरी येत होता, फक्त पायी. बरं, आपल्या कंपनीचं 'थेट' तरी थेट असावं! वाहिनीचा कार्यक्रम आधी कुठल्याशा उपग्रहावर चढतो, तिथून आपल्या कंपनीच्या केंद्रात उतरतो, तिथे त्याला दाबून-चेपून बारीक करतात, कुलूप घालतात आणि पुन्हा वर आपल्याकडे धाडतात. मग तो आमच्या गच्चीवर. मुंबईतल्या निवेदिकेचा 'नमस्कार' पुण्यात पोहोचेपर्यंत दोनदा अंतराळात जाऊन येतो. एक्सप्रेसवेच्या टोलबद्दल कुरकुर करणं मी तेव्हापासून सोडलं.

एका फेरीला प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद लागतो. बाकीचा वेळ त्या चेपाचेपीत जातो. आमच्या खालच्या मजल्यावर अजून केबल आहे. मॅच असली की विकेट आधी त्यांच्या आरोळीतून कळते, मग आमच्याकडे गोलंदाज धाव घ्यायला लागतो. भविष्य कळण्याची ही सोय पॅकमध्ये फुकट आहे, हे जाहिरातीत का सांगत नाहीत कोण जाणे.

पावसाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या बहुतेक सी बँडवर चालतात, म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या आसपास. आपण बोलता केयू बँडात, ११-१२ गिगाहर्ट्झला. आपल्या लहरी आखूड, म्हणून साठ सेंटिमीटरची छत्रीही आम्हाला पुरते. पण आखूड लहरींना पावसाचे थेंब खाऊन टाकतात. सी बँडला पाऊस फारसा लागत नाही. थोडक्यात, दुधाच्या पिशवीचा तो जोड सोडला तर पावसाळ्यात केबल बरी. हे विक्रीला आलेल्या मुलाने सांगितलं नाही. त्याची चूक नाही, तो मे महिन्यात आला होता.

आता सिंहगडाच्या बाजूने ढग चढले की आई पोळ्या तशाच टाकून बाहेर येते आणि मालिकेतल्या सुनेला डोळे भरून बघून घेते, कारण ती आता दिसेनाशी होणार. मग निळा पडदा, 'सिग्नल नाही' आणि खाली एक आकडा. तो आकडा कस्टमर केअरला कळवायचा. भाषा निवडा. अमुक दाबा. बॉक्स बंद करून चालू करा. कार्ड काढा, मऊ कपड्याने पुसा, बाण आत करून परत घाला. एवढं होईस्तो पाऊस उघडतो, चित्र येतं आणि पलीकडच्या मुलाला वाटतं त्यानेच दुरुस्त केलं. "अजून काही मदत हवी आहे का सर?" त्याचा आवाज इतका समाधानी असतो की मी पावसाचं नाव काढत नाही.

(मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर पाठीमागे येऊन उभा राहतो आणि काही मिनिटं आपलं बोलणं बुडतं, त्याबद्दल तक्रार नाही. सूर्यापुढे कोण काय करणार.)

केबलवाल्याशी मला भांडता यायचं. गॅलरीतून हाक मारली की तो खालून "आलोच काका" म्हणायचा. यायचा नाही, ती गोष्ट वेगळी, पण म्हणायचा. आपल्याशी भांडायला मान किती वर करायची? तो पोरगा परवा जिन्यात भेटला. आता वायफाय विकतो. "काका, फायबर टाकून देतो, टीव्हीपण त्यातच येतो," म्हणाला. वायर कुठून आणणार, विचारलं. म्हणाला, गुलमोहरावरून.

आईचं दुःख निराळं आहे. केबलवरचे नंबर तिला तोंडपाठ होते. आपल्याकडे तीन-तीन, चार-चार आकडी नंबर. तिने रिमोटच्या पाठीवर कागद चिकटवून वर सेलोटेप मारली आहे. त्यावर तिच्या अक्षरात : 'सह्याद्री', 'कीर्तन', 'बातम्या (ओरडणाऱ्या)', 'बातम्या (हळू)', 'ती मुलगी पळून गेली ती मालिका'. शेवटच्या ओळीसमोर चार नंबर आहेत, कारण आणखी तीन मालिकांतही मुलगी पळून गेली आहे.

आणि केबलवाल्याची स्वतःची वाहिनी आपण कुठून आणणार? वॉर्डातल्या गणपतीची मिरवणूक, हलणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली, त्यात ओळखीचे चेहरे शोधायचे. खालच्या पट्टीत नगरसेवकाच्या पुतण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचा सेल, मोफत नेत्रतपासणी, आणि गुरुवारी पाणी नाही. आपण एका दमात काश्मीर ते कन्याकुमारी बोलता, आमच्या गुरुवारच्या पाण्याचं आपल्याला काय!

दरांबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने ग्राहकाला राजा केलं, केबल असो वा छत्री. पहिल्या शंभर वाहिन्यांचे तेव्हा १३० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १५३ रुपये ४० पैसे. शिवाय जी पैशाची वाहिनी हवी तिचे वेगळे. राजाने कागद-पेन घेतलं, बेरीज केली, बेरीज पॅकच्या वर गेली, राजा निमूट पॅकवर आला. यापुढे लिहीत नाही, रक्तदाब आहे.

आपल्या घराण्याबद्दल मात्र आदर आहे. या उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबर फिरेल, जमिनीवरून एकाच जागी दिसेल आणि जगभर निरोप पोहोचवेल, असं आर्थर क्लार्कने १९४५ साली लिहून ठेवलं. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन भारतातल्या सहा राज्यांमधल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. महाराष्ट्र त्यात नव्हता, आम्ही नेहमीप्रमाणे नंतर आलो. भारताचा इन्सॅट-१ए हा १९८२ साली वर गेला आणि वर्षही न काढता निकामी झाला. १बी १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून चढला आणि टिकला. १९९७ ला तर सरकारने घरगुती छत्र्यांवर बंदीच घातली होती. २००१ मध्ये परवानगीचे नियम झाले, २००३ मध्ये पहिली खासगी सेवा सुरू झाली आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने महिन्याचे पैसे न लागणारी छत्री आणली. या सगळ्यात मला हेवा वाटतो तो क्लार्कचा. १९७५ मध्ये इस्रोच्या इंजिनीअरांनी कोलंबोला त्याच्या घरी जाऊन छत्री बसवून दिली. त्याला गच्चीसाठी कुणाची एनओसी लागली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

आमची गच्ची गळते. चौथ्या मजल्यावरच्यांच्या छताला पोपडे आले आहेत. सेक्रेटरींनी निष्कर्ष काढला की छत्र्यांच्या बोल्टांनी ब्रिकबॅट कोब्याला भोकं पडली. फलकावर नोटीस लागली : 'गच्चीवरील सर्व छत्र्या (पावसाच्या नव्हेत) महिनाअखेरपर्यंत उतरवून घ्याव्यात. ज्यांना हव्या असतील त्यांनी आपापल्या गॅलरीत लावाव्यात.' मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं की आमची गॅलरी उत्तरेला आहे. फ्लॅट घेताना तिच्यासाठी जादा पैसे मोजले, कारण उत्तर ही कुबेराची दिशा. टीव्ही दक्षिणेकडून येतो, हे वास्तुवाल्याने सांगितलं नव्हतं. उपग्रह विषुववृत्तावर, विषुववृत्त पुण्याच्या दक्षिणेला. उत्तरेच्या गॅलरीतून छत्रीला फक्त समोरच्यांचा गॅस सिलिंडर दिसेल. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा तांत्रिक मुद्दा आहे. तो आपण संबंधितांकडे मांडावा." तसं इतिवृत्तातही लिहिलं.

संबंधित म्हणजे आपण.

तरी नम्र विनंती की आपण थोडं उत्तरेकडे सरकावं. हे अशक्य आहे असं आमचा मुलगा म्हणतो, पण तो सगळं मोबाईलवर बघतो, त्यामुळे त्याला उपग्रहांची गरज नाही नि आदरही नाही. मी चौकशी केली आहे. सूर्य आणि चंद्र आपल्याला सतत ओढत असतात. मोकळं सोडलं तर आपली कक्षा वर्षाला जवळजवळ एक अंशाने कलेल आणि आपण रोज उत्तर-दक्षिण झोके घ्यायला लागाल. ते होऊ नये म्हणून आपल्या पोटातल्या इंधनाचा मोठा वाटा खर्ची पडतो. पंधराएक वर्षांत ते संपत आलं की आपल्याला आणखी वर नेऊन सोडून देतात. म्हणजे उत्तरेची ओढ आपल्यालाही आहे, कंपनी ती आवरायला लावते. न आवरल्यास इंधन वाचेल, आयुष्य वाढेल. यात नुकसान कुणाचं?

पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. आपण विसाच्या जरा पुढे आलात तरी भागेल. नाशिककरांनी छत्री जवळजवळ आभाळाकडे करावी, नागपूरला दक्षिण तशीच राहते. कोल्हापूर आणि गोव्याची गैरसोय होईल. तो त्यांचा तांत्रिक मुद्दा आहे, त्यांनी संबंधितांकडे मांडावा. सरकायचं ते रात्री अकरानंतर. साडेसात ते साडेदहा आईच्या मालिका असतात, त्या वेळात हलू नये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक ग्राहक
(ग्राहक क्रमांक बॉक्सच्या पोटाखाली लिहिला आहे, तो वाचायला कपाट सरकवावं लागतं.)

ता. क. सेक्रेटरींची गॅलरी दक्षिणेला आहे. त्यांनी आपली छत्री नोटीस लावण्याच्या आदल्या रविवारीच तिथे हलवली. आपण उत्तरेकडे सरकलात की त्यांच्याकडे काहीच दिसणार नाही. माझी घाई नाही, पण हाही तांत्रिक मुद्दा विचारात घ्यावा.